मामाचा मे महिना

आजीचं शास्त्र, म्हणजे तिचं बायबल, पुसायला घेतलं आणि आतून झावळ्यांच्या रविवारची, ईस्टरच्या आधीच्या रविवारची, एक वाळकी पाती पडली. तिच्यामागोमाग कार्ड. मामा, मामी, दादा, छोटी. चौघं कुडाच्या भिंतीपुढे उभे. मामाच्या अंगात कोट. धडगावात कोट! तो फक्त या फोटोसाठी घातलेला, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.

मामा सातपुड्यात मिशनरी होता. तेव्हा तो धुळे जिल्हा. नंदुरबार वेगळा झाला 1998 साली. धडगावहून शहादा, मग धुळे, मग नगर, अशा एसट्या बदलत ते दर मेमध्ये आजीकडे यायचे. दारातून आधी वास आत यायचा. मामीच्या कापडी पिशवीत आमचूर असे, पूड नव्हे, कैरीच्या वाळलेल्या पांढरट फोडी. आम्ही त्या तशाच चोखायचो आणि जिभा सोलवटून घ्यायचो.

आजी म्हणायची, "पोरगं सुट्टीला आलंय." कसली सुट्टी! आज नगरातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून कामाची साक्ष द्यायची, परवा भिंगार, पुढच्या रविवारी राहुरीकडे. जे कुणी त्याच्या कामासाठी महिन्याला अकरा, एकवीस रुपये पाठवत, त्या प्रत्येकाच्या घरी जेवायला जायचं आणि प्रत्येक घरी कोंबडी. मामाला अल्सर होता. तरी तो दुसऱ्यांदा रस्सा घ्यायचा. नाही म्हटलं तर त्यांना वाटेल, मिशनरीबाबा मोठे झाले. मामी त्या भेटी एका वहीत लिहायची आणि परत गेल्यावर एकेकाला अंतर्देशीय पत्र टाकायची. पावती नव्हे, पत्र. त्यात त्यांच्या म्हशीचीही चौकशी असे.

पूर्वी गोरे मिशनरी साहेब-मडम वर्षभर फर्लोवर, म्हणजे लांब रजेवर, अमेरिकेला जात, तेव्हा तेही तिकडे असंच गावोगाव फिरून आपल्या कामाचं सांगत. मामाला मात्र गॉर्डन हॉल या जुन्या अमेरिकन मिशनऱ्याचं कौतुक. 1813 साली मुंबईत उतरला आणि 1826 मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने गेला. मधल्या 13 वर्षांत एकदाही घरी नाही. हे सांगताना मामाच्या आवाजात आदर जास्त होता की हेवा, मला कळायचं नाही. हॉलला निदान रस्सा तरी दुसऱ्यांदा घ्यावा लागला नाही.

सगळ्यात हाल छोटीचे. उपासनेत पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणायचे, "आता आपली लेक तिकडच्या भाषेत गाणं म्हणेल." पावरीतलं, म्हणजे तिकडच्या आदिवासींच्या बोलीतलं, तेच एक गाणं, तेच दोन चरण. एका उन्हाळ्यात मी मोजलं, नऊ वेळा. शेवटच्या मंडळीत ती फ्रॉकची किनार चावत नुसती उभी राहिली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "लाजते." ती लाजत नव्हती. रात्री गच्चीवर एकाच गोधडीत झोपलो असताना तिने मला सांगितलं, त्या गाण्यात आईला हाक मारायचा शब्द आहे आणि तो म्हटला की लोक हसतात. मग ती दादाशी पावरीत भांडली. मला एक अक्षर कळलं नाही. माझ्याच आजीच्या गच्चीवर मी पाहुणी.

त्या वेळी मला त्यांचा राग यायचा, हे सांगून टाकते. ते आले की आजी ठेवणीतल्या चादरी काढायची. आम्ही नगरात राहून रोज तिचं पाणी भरायचो, तर आम्हाला फाटकी सतरंजी.

मागच्या वर्षी कुठल्याशा मॉलमधून आमचुराची डबी आणली. पिवळट पूड. आंबट आहे, झालं.

आता कार्ड उलटून पाहिलं. मागे मामीच्या गोल अक्षरात लिहिलंय, 'प्रार्थनेसाठी विषय': शाळेजवळची विहीर, पाणी लागावं. छोटीचा दमा. नदीवरचा पूल. खाली एक चौकट. रोज प्रार्थना केली की तीत खूण करायची. आजीच्या पेन्सिलीच्या बारीक रेघा चौकटीत मावल्या नाहीत, त्या समासात गेल्यात, मग फोटोच्या बाजूला येऊन मामाच्या कोटावरही.

माझी एकही नाही. दमा बरा झाला, ते माहीत आहे. छोटी आता पुण्यात असते, जिने चढते. विहिरीला पाणी लागलं का, हे मी मामाला कधी विचारलं नाही. आता विचारायला मामा नाही.