स्टेलारिसमधलं कृष्णविवर: आत जाणं सोपं, बाहेर पडणं अवघड (माझा अनुभव)

आधी एक गैरसमज काढून टाकतो. स्टेलारिस या अंतराळ-साम्राज्यांच्या संगणक गेममध्ये कृष्णविवर जहाजं गिळत नाही. ताफा त्याच्या शेजारून नेला तरी तो आत ओढला जात नाही, वेगही कमी होत नाही. (खऱ्या विश्वातही लांबून जाणाऱ्याला ते ओढून घेत नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील.) म्हणूनच नवा खेळाडू निर्धास्तपणे आत शिरतो. धोका वेगळाच आहे: तिथे लढाई लागली की पळ काढणं फार कठीण होतं. हे नुकसान दिसतं ते ताफा अर्धा झाल्यावर.

मे 2016 मध्ये गेम आला तेव्हा प्रवासाचे तीन प्रकार होते आणि वाकडी वाट करून कुठूनही निसटता यायचं. फेब्रुवारी 2018 च्या 2.0 आवृत्तीपासून सगळ्यांना हायपरलेनच (ताऱ्यांना जोडणारी ठरलेली वाट) धरावी लागते. त्याच वेळी ताऱ्यांच्या प्रकारांना अर्थ आला. पल्सारपाशी सगळ्यांचे शिल्ड (जहाजाभोवतीचं ऊर्जेचं कवच) बंद पडतात, न्यूट्रॉन ताऱ्यापाशी जहाजांची चाल मंदावते, तेजोमेघाच्या आतलं बाहेरून दिसत नाही. पल्सारवर चिलखत वाढवून भागतं, न्यूट्रॉन ताऱ्यापाशी दिवसांचा हिशेब आधीच धरता येतो. कृष्णविवराचा परिणाम मात्र जिंकत असताना जाणवतच नाही, हरायला लागल्यावरच अंगावर येतो. माझ्या मते चौघांत सर्वांत घातक तेच.

प्रवासाची बाकीची बाजू सोपी आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. उजवं क्लिक केलं की गेम सर्वांत जवळचा मार्ग आखतो. तो मार्ग कृष्णविवरातून जातो का, याची गेमला फिकीर नसते, ती आपण करायची. आखलेल्या रेषेवरच्या प्रत्येक ताऱ्यावर माऊस नेऊन प्रकार बघा. नको असेल तर शिफ्ट दाबून एकेक टप्पा स्वतः द्या. चार उड्या जास्त पडल्या तरी चालतील.

आता खरी अडचण. इथे लढाईतून सुटण्याचे दोन रस्ते आहेत आणि कृष्णविवर दोन्ही आवळतं.

पहिला रस्ता एकेका जहाजाचा. हल (जहाजाचा मूळ सांगाडा) निम्म्याखाली गेला की त्यानंतरच्या माऱ्यांत जहाज लढाईतून आपोआप बाजूला होण्याची शक्यता असते. बाजूला झालेलं जहाज मरत नाही. लढाई संपली की ते परत ताफ्यात येतं आणि स्टारबेसवर (अंतराळातल्या तळावर) दुरुस्त होतं. छोट्या जहाजांना ही संधी जास्त, बॅटलशिपला कमी. साध्या ताऱ्यापाशी हरलेल्या लढाईतूनसुद्धा बरीच जहाजं वाचतात ती यामुळेच. कृष्णविवरापाशी ही शक्यता घटते. जी जहाजं एरवी दुरुस्तीला परत आली असती ती तिथेच फुटतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे अलॉय (जहाजबांधणीचा मिश्रधातू) आणि ती बांधायला लागलेले महिनेही जातात.

दुसरा रस्ता सगळ्या ताफ्याचा: आणीबाणीची उडी. ताफ्याच्या चौकटीत माघारीचं बटण असतं. पण बटण दाबलं आणि सुटलो, असं होत नाही. ड्राइव्ह (उडी मारणारं इंजिन) चार्ज व्हायला दिवस लागतात, तोवर मार खातच राहायचा. कृष्णविवरापाशी हे चार्जिंग लांबतं. म्हणजे एकीकडे जहाजं बाजूला होईनाशी होतात, दुसरीकडे उडी लांबते, आणि दोन्हींचा फटका त्याच दिवसांत बसतो. दिवसाचा आकडा एकेक करून सरकतो आणि जहाजांच्या यादीतल्या ओळी खालून गळत जातात. सगळ्या गेममध्ये मला एवढी चीड दुसऱ्या कशाची आली नसेल, कारण त्या दिवसांत करण्यासारखं हाती काहीही नसतं. ताफ्याला आज्ञा देता येत नाही, तो हायपरलेनने निघू शकत नाही, मदतीला येणारा दुसरा ताफा त्याच तिढ्यात अडकतो.

म्हणून निर्णय लवकर घ्यावा लागतो, आणि कधी घ्यायचा ते नेमकं सांगतो. यादीत प्रत्येक जहाजाला तीन पट्ट्या असतात: निळी शिल्डची, पिवळी चिलखताची, हिरवी हलची. साध्या ताऱ्यापाशी हिरवी पट्टी घसरायला लागेपर्यंत थांबलं तरी चालतं. कृष्णविवरापाशी हिरवीकडे बघूच नका. मोठ्या जहाजांची निळी संपून पिवळी निम्म्यावर आली आणि शत्रूची मोठी जहाजं अजून निळीतच असली, तर त्याच क्षणी बटण दाबा. हिरवी घसरल्यावर दाबलेलं बटण उशिराचं असतं, कारण चार्जिंगचे उरलेले दिवस हलवर काढावे लागतात. लढाई लागताच गेम थांबवून दोन्ही बाजू बघायची सवय लावून घ्या. वेग सर्वांत हळू ठेवा. जलद वेगात पिवळी पट्टी कधी संपली ते कळतही नाही.

उडी लागली तरी ताफा लगेच हाती येत नाही. तो काही काळ बेपत्ता दाखवतो आणि नंतर आपल्या हद्दीत उगवतो. तेवढा काळ सीमा उघडी आहे असं समजूनच लढाईला उतरा.

यावर सगळे विचारतात, की शत्रूचा स्टारबेस असेल तर आल्या वाटेने परत फिरता येईल ना? येईल, पण फक्त आल्याच वाटेने. स्टारहोल्ड (आउटपोस्टहून वरच्या पातळीचा स्टारबेस) किंवा त्याहून मोठ्या स्टारबेसवर एफटीएल इनहिबिटर (ताऱ्यांमधला प्रवास अडवणारं यंत्र) असला, तर तो पाडेपर्यंत दुसऱ्या लेनने बाहेर पडता येत नाही. ग्रहावरचा किल्लाही हेच काम करतो. आणि ‘परत फिरणं’ लढाई सुरू होण्याआधीच शक्य असतं. म्हणून मी शिरल्याशिरल्या मधोमध धावत नाही. ज्या लेनने आलो त्या कडेलाच ताफा थांबवतो आणि समोर काय आहे ते बघतो. शत्रू मोठा असेल तर त्या कडेवरून आल्या वाटेने परतीची उडी पटकन होते. मधोमध गेलं की परत कडेपर्यंत यायलाच दिवस जातात.

ताफ्याची बांधणीही त्यानुसार हवी. युद्धाची पद्धत धोरणांमध्ये निवडता येते, ती सुप्रीमसी परंपरेतून मिळते. ‘हिट अँड रन’ म्हणजे आपला गनिमी कावाच: जहाजं बाजूला होण्याची शक्यता वाढते, कृष्णविवराने घटवलेलं थोडंफार भरून निघतं. ‘नो रिट्रीट’ घेतली असेल तर मारा वाढतो, पण जहाजं बाजूला होतच नाहीत, त्यामुळे कृष्णविवराने आणखी काढून घेण्यासारखं काही उरत नाही. खात्रीने जिंकणारा ताफा असेल तर ती पद्धत इथे शोभते. मात्र धोरण एकदा बदललं की 10 वर्षं परत बदलता येत नाही, तेव्हा एका लढाईसाठी बदलू नका. ट्रिकस्टर गुणाचा कमांडर असेल तर त्याला अशाच ताफ्यावर ठेवा, तोही निसटण्याची शक्यता वाढवतो.

मघाशी सांगायचं राहिलं: शत्रूचं बळ आधी बघायला जाल तर 3.0 आवृत्तीपासून ते सहजी दिसत नाही, पुरेशी माहिती गोळा केलेली असावी लागते. आकडा दिसत नसेल तर तो शून्य नाही, अज्ञात आहे. कृष्णविवराच्या बाबतीत हा फरक महागात पडतो.

जंप ड्राइव्ह (हायपरलेनशिवाय उडी मारणारं इंजिन) मिळाली की कृष्णविवराचा नाका टाळून पलीकडे उडी मारता येते, पण तिला सुटकेचा दरवाजा समजू नका. उडीनंतर 200 दिवस शस्त्रांचा मारा आणि वेग निम्म्यावर येतो. पलीकडे कोणी वाट बघत असेल तर ही आगीतून फुफाट्यात उडी ठरते.

आता हाच नियम उलटा वापरा. दोन साम्राज्यांमधली एकुलती वाट कृष्णविवरातून जात असेल तर ती खिंड स्वतःच्या ताब्यात घ्या. आउटपोस्टला (ताऱ्यावर ताबा सांगणारा सर्वांत छोटा स्टारबेस) मुळात 75 इन्फ्लुएन्स (साम्राज्याचा राजकीय प्रभाव) आणि 100 अलॉय लागतात, लांब गेलं तर इन्फ्लुएन्स वाढतो. नंतर स्टारबेस निदान स्टारहोल्डपर्यंत चढवा, भोवती संरक्षक प्लॅटफॉर्म लावा आणि इनहिबिटरचं तंत्रज्ञान आधी मिळवा. आता पळताना जे आपले हाल होत होते ते शत्रूचे होतात. त्याची जहाजं बाजूला होऊन दुरुस्तीला जात नाहीत, फुटतात, आणि फुटलेल्या जहाजांमुळे त्याची युद्धथकवा पातळी वाढते. ती 100 टक्क्यांवर गेली की 24 महिन्यांनी त्याला आहे त्या स्थितीवर तह करायला भाग पाडता येतं. त्याच स्टारबेसवर कृष्णविवर वेधशाळा बांधली तर भौतिकशास्त्राचं संशोधनही मिळतं. मी मुख्य ताफा कधीच नाक्यावर ठेवत नाही. तो शेजारच्या साध्या ताऱ्यापाशी ठेवतो आणि शत्रू स्टारबेसशी गुंतला की आत आणतो. हरायला लागलोच तर कृष्णविवराचा फास मलाही तेवढाच बसणार असतो, त्यामुळे आत येण्याआधी दोन्ही बाजूंच्या बळाचे आकडे जुळवून बघतो.