चोवीस पाय

टेबलाचे पाय कापून झाले की मी ते उलटे करून एका ओळीत उभे करतो. डोकं खाली, तळवा वर. मग ओळीच्या टोकाला उकिडवं बसायचं, डोळा तळव्यांच्या पातळीला आणायचा आणि एक डोळा मिटून बघायचं. जाडी मोजायचा कॅलिपर पायागणिक एकेक आकडा देतो, सगळी ओळ काय म्हणतेय ते डोळ्यालाच कळतं. त्या दुपारी ओळीतले तळवे करवतीच्या दातांसारखे दिसत होते. हळूहळू जाड होत जायचे, मग एकदम बारीक, पुन्हा हळूहळू जाड.

काम साधं होतं. सहा टेबलं, चोवीस पाय, सागाचे. पाय ७२० मिलिमीटर उंच, डोक्याला ४५ बाय ४५. वरचे १३० मिलिमीटर चौकोनीच ठेवायचे, कारण तिथे आडव्या पट्ट्या बसतात, आणि उरलेल्या ५९० मिलिमीटरमध्ये पाय निमुळता होत तळाशी २५ बाय २५ वर यायचा. निमुळता फक्त आतल्या दोन बाजूंनी. बाहेरून टेबल सरळ उभं दिसतं आणि तरी हलकं वाटतं ते त्यामुळेच. पट्ट्यांची टोकं ज्यांत बसतात ती भोकं पाय चौकोनी असतानाच पाडून घ्यायची, नंतर पाय मशीनवर नीट बसत नाही. चोवीस पाय, प्रत्येकी दोन बाजू, म्हणजे अठ्ठेचाळीस काप.

जिग, म्हणजे करवत मशीनवर पाय ठरलेल्या कोनात धरून कापायचा साचा, विकत घ्यायची की बनवायची, यावर आदल्या आठवड्यात आमच्यात बरीच वादावादी झाली होती. हिशेब बघणाऱ्या भागीदाराचं म्हणणं असं, की जिग बनवण्यात माझा अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी जिगपेक्षा महाग पडते. हिशेब चुकीचा नव्हता. शिवाय मला पटवून घ्यायचंच होतं. इंटरनेटवर जिग बनवणाऱ्यांचे व्हिडिओ बघून माझं डोकं उठलं होतं. त्यातले निम्मे लोक जिगच बनवत बसतात, एक खुर्ची काही बाहेर पडत नाही. आपल्याला तसं व्हायचं नाही, असं म्हणून मी अॅल्युमिनियमची जिग मागवली. दोन लांब दांड्या, एका टोकाला बिजागरी, दुसरीकडे कोन धरून ठेवणारी पट्टी आणि ती आवळायला विंगनट, हाताने पिळायचा कानांचा नट. पट्टीवर शून्य ते पंधरा अंशांच्या रेघा.

आमच्या मिस्त्रींनी ती हातात घेतली, दोनदा उघडमीट केली आणि म्हणाले, "अडकित्ता आहे की हा." परत दिली आणि आपल्या रंध्याकडे गेले. ते पाय करवतीने कापून रंध्याने उतरवतात, जाडीकडून बारीकपणाकडे, म्हणजे रेषा उपटत नाहीत. त्यांचे चार पाय बघत राहावेत असे असतात. पण चोवीस पाय दोन दिवसांत मागितले तर ते नुसते बघतात.

पट्टीवर माझा भरवसा पहिल्यापासूनच नव्हता. ५९० लांबीत २० मिलिमीटर उतार म्हणजे १.९४ अंश. पंधरा अंशांच्या पट्टीवरचं आमचं सगळं काम पहिल्या दोन रेघांत संपतं. आणि अंशाचा दहावा भाग इकडेतिकडे झाला की तळव्यात एक मिलिमीटरचा फरक पडतो. तो दहावा भाग रेघा बघून कोण लावणार? म्हणून मी टाकाऊ तुकड्यावर काप घेत तिसऱ्या खेपेला बरोबर २५ आणले, विंगनट आवळला, हाताखालच्या पोराला चार काप समोर करून दाखवले आणि टेबलांचे वरचे फळे चिकटवायला निघून गेलो. जाताना एवढंच बजावलं, की कापलेली पाचर ब्लेडशेजारी थरथरत पडलेली असते, तिला मशीन बंद झाल्याशिवाय हात लावायचा नाही. पोराने ते तंतोतंत पाळलं, हे आधीच सांगून ठेवतो.

दुपारी कॅलिपर लावला. पहिले पाय २५, २५, २५.३. मग २६, २६.४, २७.५. त्यानंतरचा एकदम २३.२. पुढे पुन्हा चढण. जिग नुसती सरकत गेली असती तर तळवे एकाच दिशेने बिघडत गेले असते. मध्येच खाली आले याचा अर्थ कोणीतरी ती पुन्हा लावली होती.

"मध्ये जिग लावलीस का रे?"

पोरगा आधी गप्प. मग म्हणाला, "तीनदा आवळली, दादा. दोन रेघांच्या अलीकडे होती तशी करून. मला वाटलं माझीच पकड कमी पडतेय."

यावर काय बोलावं मला कळेना. खरं तर बिघाड अगदी सरळ होता. या जिगमध्ये लाकूड वरून दाबून धरायला काही नसतं. ते बाहेरच्या दांडीला टेकवायचं आणि हाताने फेन्सकडे, म्हणजे मशीनवरच्या सरळ आडोशाकडे, दाबत पुढे न्यायचं. म्हणजे प्रत्येक कापाला आपण अडकित्ता मिटायलाच बघत असतो आणि त्याला विरोध करायला एकटा विंगनट. वरून मशीनची थरथर. त्यात सागात सिलिका असते, वाळूतलीच, ती ब्लेडचे कार्बाइडचे कठीण दातसुद्धा बोथट करते. बोथट ब्लेडला जोर जास्त लागतो आणि जोर जास्त लावला की दांडी जास्त मिटते. दांडी मिटली की उतार कमी, तळवा जाड. पोराने बिचाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि यंत्रावरही. चुकीचं कोण असू शकतं, तर उरला तो एकटाच.

जाड पायांची चिंता नव्हती, पुन्हा काप घेतला की झालं. अडचण होती बारीक झालेल्या पाच पायांची. सगळे पाय एकाच लॉटच्या फळ्यांतून निघाले होते आणि त्यातलं लाकूड संपलं होतं. दुसऱ्या सागाचे पाच पाय केले तर रंग वेगळा दिसणार. दुसरा मार्ग म्हणजे चोवीसच्या चोवीस पाय सर्वात बारकाहून किंचित खाली न्यायचे, २२ वर. टेबलांच्या डिझायनरला फोन करून झालेलं सगळं सांगितलं. पलीकडे थोडी शांतता, मग एकच प्रश्न: "सगळे सारखे येतील ना?" येतील म्हणालो. फोन ठेवल्यावर त्या अॅल्युमिनियमच्या दांड्या खिळ्याला टांगल्या आणि प्लाय काढला.

आता माझी स्लेड, म्हणजे लाकूड वर घट्ट धरून ब्लेडजवळून सरकवायची फळी. १२ मिलिमीटरचा प्लाय, पाऊण मीटरहून लांब, वीतभरापेक्षा थोडा रुंद. खालून कडक लाकडाची एक पट्टी, मशीनच्या टेबलाच्या खाचेत हलकेच सरकेल पण डुलणार नाही इतकी घासलेली. पट्टी बसवली की स्लेड एकदा मशीनवरून न्यायची. ब्लेड प्लायची कड स्वतःच कापून टाकतं आणि तिथून पुढे प्लायची कड म्हणजेच ब्लेडची रेघ. सगळी गंमत या कडेत आहे. पायावर दोन खुणा करायच्या, एक १३० वर, जिथे उतार सुरू होतो, आणि एक तळव्यावर, जिथे तो संपतो. दोन्ही खुणा प्लायच्या कडेवर आणून ठेवायच्या आणि पायाच्या पाठीला एक सरळ काठी टेकवून खालून स्क्रू मारायचे. पायाच्या मागे एक ठोकळा, म्हणजे तो मागे सरकणार नाही. वरून दोन टॉगल क्लॅम्प, मूठ दाबली की लाकूड घट्ट धरणारे. पाय बसतो तिथे सँडपेपर चिकटवला. कोन किती अंशांचा, हा प्रश्न कुठे येतच नाही. मी तो नंतर गंमत म्हणून काढला, २.२३. स्लेड बनवताना लागला नव्हता.

ब्लेड तेवढं प्लायच्या जाडीइतकं आणखी वर घ्यावं लागतं, हा एक तोटा. तेव्हा बोथट ब्लेड काढून धारेचं चढवलं. फेरकाप मात्र हळू घ्यावे लागले. तीन मिलिमीटरची खपली म्हणजे ब्लेडच्या स्वतःच्या जाडीपेक्षाही कमी. दातांच्या एकाच बाजूला लाकूड लागतं, घाईने ढकललं तर ब्लेड मोकळ्या बाजूला झुकतं आणि काप वाकडा येतो. पहिली बाजू झाली की पाय असा फिरवायचा की कापलेली बाजू वर येईल. ती काठीला किंवा प्लायला टेकली की दुसरा उतार गेलाच. हे मी पोराला तीनदा सांगितलं. एकदा पुरलं असतं. हातांना आता करायला काही नव्हतं, दोन्ही क्लॅम्पच्या मुठींवर आणि ब्लेडपासून लांब.

स्लेडला सव्वा तास लागला. भागीदाराने घड्याळाकडे बघितलं, बोलला काही नाही. मीही विकतची फेकून दिलेली नाही. रोज एकेक वेगळी खुर्ची दुरुस्तीला येणाऱ्याला तीच बरी, प्रत्येक कोनासाठी नवी स्लेड कोण बनवणार? आणि टॉगल क्लॅम्प मी विकतचेच लावले. ते घरी बनवणाऱ्यांना माझा लांबून नमस्कार.

चोवीस पाय २२ वर आले, दोन दशांश मिलिमीटरच्या आत. ओळ पुन्हा उभी केली, मिस्त्री येऊन बघून गेले. त्यांच्याकडून तेवढं पुरतं. टेबलं गेली. पाय मला थोडे किरकोळ वाटले, २५ च बरे दिसले असते असं अजून वाटतं. दुसऱ्या लाकडाचे पाच पाय करून रंग जुळवून बघायला हवा होता का, हेही अजून ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लेड भिंतीला लावायला गेलो, तर काठी आणि प्लाय दोन्हींवरून जाणारी पेन्सिलची एक आडवी रेघ दिसली. मी मारलेली नव्हती. पोराला विचारलं. "काठी हलली तर रेघ तुटलेली दिसेल ना, दादा," म्हणाला आणि भुसा झाडायला लागला. मी स्लेड टांगली. शेजारच्या खिळ्यावर अॅल्युमिनियमची जिग होती. तिच्या पट्टीवर आणि दांडीवर मिळून अशी एक रेघ मारायला मला दोन सेकंद लागले असते.