ट्रायझॉलच्या नळ्या आणि पाळणाघराचा फोन

पाळणाघरातून फोन आला तेव्हा पेशींचे बारा नमुने ट्रायझॉलमध्ये, म्हणजे पेशी फोडून त्यांतला आरएनए वेगळा काढण्याच्या द्रावणात, विरघळून झाले होते. मुलीला ताप आहे, लगेच घेऊन जा. पुढची पायरी क्लोरोफॉर्मची, आणि मी तिथेच थांबलो. नळ्यांवर नमुना, तारीख आणि ‘क्लोरोफॉर्म बाकी’ असं लिहिलं, त्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि निघालो.

घरात दीड वर्षाचं मूल असलं की आरएनए काढायला बसण्याआधी कुठे थांबता येतं हे ठरवूनच बसावं लागतं. या पद्धतीत असे दोन थांबे आहेत. पहिला ट्रायझॉलमध्ये: पेशी नीट विरघळल्या असतील तर फ्रीजरमध्ये आरएनए महिनोन्‌महिने टिकतो. दुसरा ७५ टक्के इथेनॉलमध्ये: शेवटी नळीच्या तळाशी जमणारा आरएनएचा गोळा धुतल्यावर त्यातच राहू दिला तर उणे २० अंशांवरही चालतं.

मधला टप्पा मात्र सोडून उठण्यासारखा नाही. १ मिली ट्रायझॉलला ०.२ मिली क्लोरोफॉर्म, हलवून दोन-तीन मिनिटं तसंच ठेवायचं, मग ४ अंशांवर १२,००० जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट जोराने) पंधरा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. आरएनए असलेला वरचा स्वच्छ थर लगेच काढून घ्यावा लागतो. नळ्या तशाच राहून हलल्या तर मधल्या थरातला डीएनए वर मिसळतो आणि पुढे क्यूपीसीआरमध्ये (एखाद्या जनुकाचा आरएनए किती आहे हे मोजण्याच्या चाचणीत) त्रास देतो. त्यानंतर आरएनए खाली बसवायला ०.५ मिली आयसोप्रोपेनॉल, दहा मिनिटं. पुन्हा सेंट्रिफ्यूज, दहा मिनिटं. बारा नळ्यांची हाताळणी धरून हा सलग सव्वा तास होतो. मुलीला कोण आणणार हे पक्कं नसेल तर त्या दिवशी क्लोरोफॉर्मची बाटली उघडूच नये, असं माझं ठाम मत आहे.

ट्रायझॉलमध्ये फिनॉल असतं. घाई कितीही असो, हातमोजे आणि कोट प्रयोगशाळेतच काढायचे, साबणाने हात धुवायचे आणि मगच मुलीला उचलायचं.

दुपारी ती झोपली. तापातली झोप कधी मोडेल सांगता येत नाही, म्हणून शोधनिबंधाचा नवा परिच्छेद अशा वेळी मी उघडत नाही. आधी वहीत थांब्याची नोंद केली, मग आकृत्यांच्या अक्षांवरची एककं तपासली. मध्येच उठावं लागलं तरी त्यात काही बिघडत नाही.

ताप उतरल्यावर नळ्या खोलीच्या तापमानाला आणल्या, पाच मिनिटं ठेवल्या आणि क्लोरोफॉर्मपासून पुढे गेलो. आरएनएची शुद्धता सांगणारं २६०/२८० गुणोत्तर २ च्या आसपास आलं, जेलवर रायबोसोमच्या आरएनएचे दोन्ही पट्टे ठळक दिसले, म्हणजे आरएनए तुटला नव्हता.

आता एका वेळी सहाच नळ्या घेतो. त्यात एक काळजी घ्यावी लागते: दोन्ही खेपांत कंट्रोल (औषध न दिलेल्या) आणि औषध दिलेल्या पेशी सारख्या वाटून घ्यायच्या. सगळे कंट्रोल एका दिवशी आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी केले, तर दिसणारा फरक औषधाचा की दिवसाचा हे नंतर कुठल्याही गणिताने वेगळं काढता येत नाही.