कुठला तारा, तेवढं सांगा

‘कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर आकाशात काल परत ती लाईट आली होती’ असं कुणी सांगायला लागलं, की त्यातल्या ‘परत’ या शब्दापाशी थांबावं. निम्मी चौकशी तिथंच उरकते. परग्रहावरचा पाहुणा कशाला रोज त्याच वेळी त्याच कोपऱ्यात येईल? तारे मात्र येतात, रोज ३ मिनिटं ५६ सेकंद आधी. म्हणजे पंधरवड्यात जवळजवळ एक तास. नोंदींच्या वेळा अशा हिशेबानं मागं सरकत असतील, तर बाकीचं काम तपशिलाचं.

‘पण लाल-हिरवी चमकत होती की!’ चमकणारच. क्षितिजालगतच्या ताऱ्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो, आणि हलती हवा त्याचे रंग सुटे करून आलटून-पालटून डोळ्यात टाकते. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७, त्यामुळे अगस्त्य हा तारा इथून दक्षिणेला कधीच २०-२१ अंशांपेक्षा वर चढत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री सव्वानऊच्या सुमारास तो आपल्या सर्वोच्च जागी असतो, आणि तरी दोन मुठींएवढाच वर. हात लांब केला की मूठ साधारण १० अंशांची. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा असा कायम खालच्या गढूळ हवेत. संशयित म्हणून त्याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. ‘डुलत होती’ याचंही तसंच. काळोखात एकटाच ठिपका बघत राहिलं, की तो हलल्याचा भास होतो. विजेच्या खांबाला डोकं टेकून, समोरच्या छपराच्या कोपऱ्याशी ठिपका जुळवून दहा मिनिटं बसावं. डुलणं थांबतं, सावकाश सरकणं तेवढं उरतं.

साक्ष घेताना खरी गोची तारखेची होते. ‘रविवारी रात्री एक वाजता’ म्हणजे कॅलेंडरवर सोमवार. आपल्याकडे सूर्योदयापर्यंत वार बदलत नाही. त्यात त्या रात्रीचं आकाश संगणकावर बघताना जागतिक वेळ लागू राहिली, तर साडेपाच तासांची चूक आणि भलतंच आकाश. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर घ्यायची असेल, तर आधी गाडीपासून आणि लोखंडी कठड्यापासून लांब उभं राहावं. उंचीचा आकडा तर कुणाचाच धरू नये. ‘डोक्यावर’ म्हणजे बहुधा ५०-६० अंश. साक्षीदाराला त्याच जागी नेऊन मुठी मोजायला लावाव्यात. मोबाइलचं झूम केलेलं चित्रीकरण सगळ्यात शेवटी बघावं. फोकस सुटला की ठिपक्याची तबकडी होते, आणि तिचा आकार लेन्सचा असतो, ताऱ्याचा नव्हे. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजणाऱ्यानं ‘शुक्राची चांदणी हो ती’ म्हटलं, तर ते दहा व्हिडिओंपेक्षा मोलाचं.

असली चौकशी सरकारी पातळीवर नीट कशी होते, त्याचं उदाहरण लडाखचं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या भागात सैन्यानं अनोळखी दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांतल्या १५५ सीमा ओलांडल्याच्या. चिनी टेहळणीचा संशय होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या लोकांनी ताडून पाहिलं, तर ते निघाले गुरू आणि शुक्र. जवानांना हसू नये. विरळ, स्वच्छ हवेत हे दोघे भलतेच ठळक दिसतात, आणि वेळेनिशी नोंदी ठेवल्या म्हणूनच तर उत्तर सापडलं.

उलट उदाहरण अमेरिकेचं. ऑगस्ट १९६५ च्या सुरुवातीला ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांत पोलिसांसकट अनेकांनी दिवे पाहिले. अशा दिव्यांची चौकशी करणाऱ्या हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’चं काम १९५२ ते १९६९ चाललं, नोंदी १२,६१८, त्यांतल्या ७०१ शेवटपर्यंत अनुत्तरित. एवढी मोठी यंत्रणा. तरी उत्तर आलं ते गुरू, नाहीतर राजन्य, ब्रह्महृदय, काक्षी, रोहिणी या ताऱ्यांपैकी काहीतरी असावं! यादी भारदस्त होती, पण ओक्लाहोमातल्या तारांगणाच्या संचालकानं लगेच दाखवून दिलं, की ही मंडळी त्या वेळी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला होती. जूनमध्ये ‘मृग लागतो’ म्हणजे सूर्य मृगात जातो. मग राजन्य आणि काक्षी हे मृगातलेच तारे ऑगस्टच्या सुरुवातीला दिसणार तर पहाटे, तेही उजाडायच्या थोडं आधी. आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरातही मृग कधी लागतो ते छापलेलं असतं.