कयाकमध्ये सामान भरताना

कयाकच्या, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीच्या, तीन दिवसांच्या सहलीसाठी मी पहिल्यांदा सामान बांधायला घेतले, तेव्हा पाठीवरची सॅक भरण्याचा अनेक वर्षांचा सराव इथेही पुरेल, असे मला वाटले होते. कपडे, स्लीपिंग बॅग आणि तंबू मी 40 लिटरच्या एकाच ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत, नीट रचून भरले. ती गच्च पिशवी कयाकच्या मागच्या कप्प्यात जाईना. कप्पा आतून ऐसपैस होता, पण त्याचे तोंड माझ्या वितीपेक्षा थोडेच मोठे होते. शेवटी काठावरच सगळे उपसून, सोबत्यांकडून उसन्या घेतलेल्या लहान पिशव्यांत ते विभागावे लागले. तंबूच्या काठ्याही सुट्या केल्या, तेव्हा त्या कडेने सहज सरकल्या आणि निमुळत्या टोकापर्यंतची जागा कामी आली.

ड्राय बॅग बंद करण्यातही काळजी लागते. आत हवा राहिली तर पिशवी फुगून जागा अडवते, म्हणून ती गुडघ्याखाली दाबून हवा काढायची, तोंडाच्या दोन्ही पट्ट्या जुळवायच्या, किमान तीन घट्ट वळ्या घालायच्या आणि मगच बकल लावायचे. माझ्या एका पिशवीच्या वळीत मोज्याचे टोक अडकले होते. त्या बोटभर कापडाने पाणी आत ओढून घेतले आणि रात्री स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग ओला निघाला.

खरा धडा मात्र वजनाने दिला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि माझ्याकडे 12 लिटर पाणी होते. मागचा कप्पा मोठा, म्हणून ते सगळे मी तिथेच ठेवले. डावीकडून वारा सुरू होताच कयाकचे पुढचे टोक सारखे उजवीकडे वळू लागले. मागचा भाग वजनाने पाण्यात खोल रुतलेला आणि पुढचा हलका, त्यामुळे वारा पुढच्या टोकाला हवे तिकडे ढकलत होता आणि मी तासभर उजव्या बाजूनेच जोर लावून वल्हे मारत होतो. दुपारी थांबल्यावर निम्मे पाणी पुढच्या कप्प्यात, बैठकीच्या बाजूच्या भिंतीला टेकून, तळाशी ठेवले. त्यानंतर तोच वारा असूनही कयाक सरळ चालू लागली. तेव्हापासून जड वस्तू मध्याजवळ आणि तळाशी, हलक्या वस्तू टोकांकडे, आणि डावे-उजवे वजन समान, हा क्रम मी मोडलेला नाही. भरलेली कयाक टोकांना धरून उचलली तर तिच्या सांगाड्यावर ताण येतो, म्हणून सामान पाण्याच्या कडेलाच भरतो आणि निघण्यापूर्वी ती तरंगवून बाजूने पाहतो.

लाइफ जॅकेट अंगात आणि शिट्टी त्यालाच बांधलेली असते. पाणी उपसायचा पंप आणि जादा वल्हे वर, हाताच्या अंतरावर असते. बाकी वरचा भाग मी मोकळा ठेवतो, कारण तिथे रचलेले सामान वारा अडवते आणि कयाक डगमगते.

कोरडे कपडे मात्र सर्वांत शेवटी, मागच्या कप्प्याच्या तोंडाशी ठेवतो. किनाऱ्याला लागल्यावर अंग ओले आणि वारा सुटलेला असतो, तेव्हा झाकण उघडताच हाताला आधी तेच लागावेत.