रिओस्टॅट, नॉच आणि आपली लॅब

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तोपर्यंत गॅदरिंग, सहल, पीटीचे सर आणि शाळेबाहेरच्या बोरं-चिंचा हे सगळे विषय बाकीच्यांनी आधीच पळवले होते, म्हणून मी आपला लॅबमधल्या रिओस्टॅटवर, म्हणजे करंट कमीजास्त करायच्या त्या उपकरणावर, लिहितोय. हसू नका. पुढे रेल्वेच्या कारशेडमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून ज्या कामाचा पगार घेतला त्यातलं अर्धं तरी त्या एका नळकांड्यात होतं.

ज्यांनी सायन्सचे तास खिडकीबाहेर बघत काढले त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चिनी मातीची जाड नळी, तिच्यावर एकाला एक चिकटून गुंडाळलेली तार, वर एक धातूचा दांडा आणि त्या दांड्यावरून मागेपुढे सरकणारा स्लायडर. खाली दोन टर्मिनल, वर एक. खालच्या दोन टर्मिनलना वायरी लावल्या की स्लायडर कितीही घासा, करंट मोजणाऱ्या ॲमीटरचा काटा ढिम्म, कारण करंट सगळ्या तारेतूनच जातोय. एक खालचं आणि एक वरचं घेतलं की मग खरी मजा, करंट तारेतून स्लायडरपर्यंतच येतो आणि तिथून दांड्यावरून बाहेर पडतो, म्हणजे जेवढी तार मध्ये तेवढा रोध, म्हणजे रेझिस्टन्स. तिन्ही टर्मिनल वापरली तर त्याच वस्तूवर व्होल्टेज वाटून घेता येतं, पण ते सरांनी घाईघाईत उरकलं, पोर्शन संपवायचा होता.

सर मात्र एका गोष्टीवर अख्खा तास थांबले. रिओस्टॅट करंट "अडवतो" म्हटल्यावर अर्ध्या वर्गाचं म्हणणं होतं की त्याच्या आधी करंट जास्त आणि नंतर कमी असणार. सर काही बोललेच नाहीत, कपाटातून दुसरा ॲमीटर काढला, एक अलीकडे एक पलीकडे जोडला आणि स्लायडर सरकवला. दोन्ही काटे एकदम खाली, एकदम वर, जुळ्या भावांसारखे. सिरीज सर्किटमध्ये, म्हणजे सगळं एकामागे एक जोडलेलं असताना, रोध कुठेही वाढवा, करंट सगळीकडेच कमी होतो. हे वाक्य पुस्तकात होतं की नाही आठवत नाही, काटे आठवतात.

मग फळ्यावर गणित. बॅटरी ६ व्होल्टची, कॉइल १० ओहमची, रिओस्टॅट ० ते २० ओहम. रिओस्टॅट शून्यावर असताना करंट ०.६ ॲम्पिअर. अर्ध्यावर, म्हणजे १० ओहमवर, ०.३. आणि टोकाला २० ओहमवर? सगळे म्हणाले शून्य. आला ०.२! पहिल्या अर्ध्या नळीत ०.३ उतरला आणि उरलेल्या अर्ध्या नळीत फक्त ०.१, कारण भागाकार आहे तो, वजाबाकी नाही. आणि यातून कळतं की नुसता सिरीज रिओस्टॅट करंट कधीच पूर्ण बंद करू शकत नाही, त्यासाठी सर्किटमधली प्लग-की काढायलाच लागते.

आता कारशेड. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली इलेक्ट्रिक गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि आमच्या हाताखालून ज्या जुन्या लोकल गेल्या त्याही डीसीच. मोटर उभी असते तेव्हा तिचं स्वतःचं उलटं व्होल्टेज, म्हणजे बॅक ईएमएफ, शून्य असतं आणि वाइंडिंगचा रोध अगदीच थोडा, तेव्हा थेट लाइन दिली तर करंट इतका चढेल की गाडी हिसका देईल नाहीतर मोटर जळेल, म्हणून सुरुवातीला मध्ये रेझिस्टन्स टाकायचे आणि गाडी वेग घेईल, बॅक ईएमएफ वाढेल, करंट उतरेल, तसतसे ते एकेक करून कॉन्टॅक्टरने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचने, बाहेर काढायचे. प्रत्येक पायरीला एक नॉच. मोटरमनने हँडल फिरवलं की करंट ठरलेल्या हद्दीखाली आला का हे रिले बघणार आणि पुढचा नॉच आपोआप लागणार. मोटरी आधी सिरीजमध्ये, मग पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या. अप्रेंटिस असताना डब्याखालचे ते जाळीदार रेझिस्टन्स पहिल्यांदा बघितले आणि सिनिअर समजावून सांगायला लागले तेव्हा मला वाटलं अरे हा तर आपला रिओस्टॅट, फक्त स्लायडरऐवजी कॉन्टॅक्टर.

यातली गोम म्हणजे उष्णता. रोधाने करंट कमी केला की त्या रोधात जाणारी वीज उष्णता होऊनच वाया जाते. घरातल्या जुन्या पंख्यांचे डबा रेग्युलेटर आठवतात का, स्पीड एकवर ठेवला की हात भाजेल असे तापायचे, म्हणजे पंखा हळू पण विजेची बचत म्हणावी तेवढी नाहीच. आताच्या रेग्युलेटरच्या नॉबखालीही बऱ्याचदा छोटा पॉट, म्हणजे फिरवायचा छोटा रिओस्टॅटच, असतो, पण पंख्याचा करंट त्यातून जात नाही, तो फक्त ट्रायॅकला, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचला, कधी चालू व्हायचं ते सांगतो. लोकलचंही तसंच झालं, २०१६ मध्ये हार्बर लाइनही २५,००० व्होल्ट एसीवर गेली आणि थ्री फेज गाड्यांत ते रेझिस्टन्स काढत बसायची भानगडच संपली. काम सोपं झालं, खरं सांगायचं तर मला थोडं अळणी वाटलं.

मागच्या महिन्यात मीटिंगला शाळेत आलो होतो तेव्हा लॅबच्या कपाटात रिओस्टॅट दिसले, स्लायडर जाम आणि तारेवर मळ. स्क्रॅपमध्ये देऊ नका. साफ करताना एवढंच बघा की पॉलिश पेपर फक्त स्लायडर घासतो त्या पट्टीवर मारायचा, सगळ्या तारेवर नाही, कारण तारेवरचा काळपट थर हेच वेढ्यांमधलं इन्सुलेशन आहे, तो गेला की वेढे आपसात शॉर्ट होतात आणि रोधच उरत नाही. स्लायडरची पत्ती सैल झाली असेल तर ती मी बदलून देतो, शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो, शिपाईमामांना फक्त कपाटाची किल्ली काढून ठेवायला सांगा.