सॉल्व्हंटचे बॅरल घेऊन जळगाव ते रांजणगाव: कन्नड घाटाच्या थापेला भुलू नका

"चाळीसगाव, कन्नड घाट, संभाजीनगर, पहाटे निघालो की रात्री रांजणगाव." भाडं ठरवताना वाहतूकदार असं छातीठोकपणे बोलला. कन्नड घाट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना बंद आहे. रोज गाड्या पळवणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल, यावर माझा अजिबात विश्वास नाही.

मालही साधा नव्हता, पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रात जाळायला चाललेला कचरा होता. पॅकेजिंग छपाईतून निघालेलं टोल्युइन, इथाइल ॲसिटेट (ही शाई विरघळवणारी द्रावणं, म्हणजे सॉल्व्हंट) आणि शाईचा गाळ. मी मागून वेगळ्या गाडीने होतो. चाळीसगाव ओलांडून पायथ्याशी पोहोचलो तर बॅरिकेड. "घाट बंद शे, भाऊ," टपरीवाल्याने सांगितलं. वाहतूकदार फोनवर 'बघतो, बोलतो' करत राहिला आणि मे महिन्याच्या भर दुपारी ट्रक उघड्या उन्हात उभा राहिला.

इथाइल ॲसिटेट ७७ अंशांना उकळतं, टोल्युइन १११ ला. पण वाफ व्हायला उकळावं लागत नाही. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, ४ अंश आहे, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने ठिणगीचा धोका. काही बॅरलची झाकणं फुगून वर आली होती. एका बुचाचा साधा रबरी वॉशर सॉल्व्हंटने फुलून बाहेर सरकला होता आणि फटीतून वाफ निघताना हवा थरथरताना दिसत होती. टपरीवरची पोरं त्या वासातच खेळत होती. त्यांना लांब पाठवलं, ड्रायव्हरला विडी विझवायला लावली, गोणपाट भिजवून बॅरलवर टाकले आणि गाडी नांदगाव-मनमाडमार्गे वळवली. कोपरगावच्या पुढे रस्त्याने अंग खिळखिळं केलं. वर 'फेरा' आणि 'हॉल्टिंग' लावून बिल ठरलेल्या भाड्याच्या दीडपट. ते देऊ नका. मार्ग आणि भाडं आधी लिहून घ्या. जळगावहून पहूर, फर्दापूर, अजिंठा, सिल्लोड हाच रस्ता धरा, आणि गाडी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर काढा.

बॅरल काठोकाठ भरू नका, दहावा हिस्सा तरी रिकामा ठेवा. वॉशर टेफ्लॉनचाच. क्लोरीन असलेलं सॉल्व्हंट वेगळ्या बॅरलमध्ये, वेगळ्या लेबलने. जळताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं.

प्रक्रिया केंद्रावर काही अडलं नाही. मालाचा नमुना घेऊन उष्मांक (जळताना किती उष्णता देतो), फ्लॅश पॉइंट, क्लोरीन तपासतात, मग माल आत. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात ११०० अंशांच्या आसपास वायू किमान दोन सेकंद ठेवला की टोल्युइनचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. पण बुचातून उडून गेलेल्या टोल्युइनला कसली भट्टी? ते वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडशी उन्हात मिसळून जमिनीलगत श्वासाला त्रासदायक ओझोन बनवतं, आणि खान्देशात उन्हाला तोटा नाही. विल्हेवाटीचे पैसे किलोवर लागतात म्हणून काही जण बॅरल मुद्दाम उघडे ठेवून सॉल्व्हंट उडवतात. ही बचत नाही, शेजाऱ्याच्या छातीत कचरा टाकणं आहे. भंगारवाल्याला विकणारेही तसेच. तो माल कुठे जळतो, त्याची कुठेच नोंद नाही.

ज्यांच्याकडे माल जास्त निघतो त्यांनी आवारातच डिस्टिलेशन (उकळून, वाफ थंड करून सॉल्व्हंट वेगळं काढायचं यंत्र) बसवावं. चांगलं सॉल्व्हंट परत छपाईला, फक्त तळाचा गाळ रांजणगावला. एवढा माल रस्त्यावर आणावाच लागत नाही.

आता कागद. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे माल आवारात साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, तेव्हा मार्चमध्येच पाठवा, मे उजाडू देऊ नका. वाहतूकदार अधिकृत आहे का ते पाहा. ड्रायव्हरजवळ आपत्कालीन सूचनांचं कार्ड हवं. आमच्या ड्रायव्हरने ते सीटखाली दाबून ठेवलं होतं. नमुना १० (फॉर्म १०) च्या मॅनिफेस्टला, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या नोंदपत्राला, सात रंगांच्या प्रती असतात. माल मिळाल्यावर निळी प्रत केंद्राकडून पाठवणाऱ्याकडे परत येते. ती हातात पडेपर्यंत वाहतूकदाराचा शेवटचा हप्ता रोखून धरा, तो कितीही फोन करो.